अख्खी कोंबडी भाजायला सव्वा तास का लागतो?

रविवारी सकाळी नाशिकच्या इंदिरानगरात चिकनच्या दुकानापुढे पाच मिनिटे उभे राहिले, तर एक गोष्ट लक्षात येते. दहांतली नऊ गिऱ्हाइके तुकडे करून घेतात, तेही कातडी काढून. घरी वाटण तयार असते आणि अर्ध्या तासात रस्सा होतो. दहावे गिऱ्हाईक मात्र म्हणते, “अख्खी द्या, कातडीसकट, तुकडे करू नका.” या गिऱ्हाइकाच्या घरी विजेवर चालणारा छोटा ओव्हन असतो आणि दुपारपर्यंत थांबायची तयारीही असते. कारण तीच दीड किलोची कोंबडी अख्खी भाजायची म्हटली, की सव्वा ते दीड तास लागतो.

कोंबडी तीच, वजन तेच. मग वेळ तिप्पट का? हा प्रश्न स्वयंपाकाचा वाटतो, पण त्याचे उत्तर उष्णतेच्या धड्यात आहे. ज्यांच्या घरी मांसाहार होत नाही अशा वाचकांनी कोंबडीच्या जागी मोठा बटाटा धरला तरी पुढचे बहुतेक विवेचन जसेच्या तसे लागू पडेल. शेवटी बटाट्याचा एक प्रयोगही दिला आहे.

प्रथम एक साधे गणित करू. कोंबडी फ्रिजमधून काढली तेव्हा तिचे तापमान ५ अंश सेल्सिअस आहे आणि ती सर्वत्र ७५ अंशांपर्यंत तापवायची आहे, असे समजा. मांसात सुमारे तीन चतुर्थांश पाणीच असते, म्हणून त्याची विशिष्ट उष्णता पाण्यापेक्षा थोडीच कमी, म्हणजे किलोग्रॅमला दर अंशामागे सुमारे ३.३ किलोज्यूल असते. तेव्हा लागणारी उष्णता १.५ × ३.३ × ७०, म्हणजे सुमारे ३५० किलोज्यूल झाली. घरगुती ओव्हनची शक्ती साधारणपणे १५०० वॅट असते. म्हणजे तो दर सेकंदाला १.५ किलोज्यूल उष्णता देतो. ३५० ला १.५ ने भागा. उत्तर येते २३३ सेकंद. चार मिनिटेसुद्धा नाहीत!

गणितात चूक नाही. चार मिनिटांत ओव्हनने पुरेशी उष्णता निर्माण केलेली असते हे खरेच आहे. पण ती निर्माण होणे वेगळे आणि कोंबडीच्या गाभ्यापर्यंत पोचणे वेगळे. सगळा वेळ जातो तो या प्रवासात.

उष्णतेचा संथ प्रवास

घन पदार्थातून उष्णता वहनाने पुढे सरकते. तांब्याच्या पळीचे एक टोक विस्तवावर धरले, तर दुसरे टोक लवकरच हाताला चटका देते. मांसाचे तसे नाही. पदार्थातून तापमानातील बदल किती झपाट्याने पसरतो हे मोजण्यासाठी एक राशी वापरतात. तिला उष्माविसरणशीलता म्हणतात. पदार्थ उष्णतेचा जितका चांगला वाहक, तितकी ही राशी मोठी. आणि तो तापवायला जितकी जास्त उष्णता लागते, तितकी ही राशी लहान. मांसासाठी तिचे मूल्य दर सेकंदाला सुमारे ०.१४ चौरस मिलिमीटर आहे. तांब्यासाठी ते याच्या सुमारे आठशे पट आहे.

एककाकडे नीट पाहा. ‘दर सेकंदाला मिलिमीटर’ नव्हे, ‘दर सेकंदाला चौरस मिलिमीटर’. उष्णता आगगाडीसारखी ठरावीक वेगाने धावत नाही, ही गोष्ट त्या ‘चौरस’ शब्दात सांगितलेली आहे. अंतर दुप्पट झाले तर वेळ दुप्पट न होता चौपट होतो. असे का व्हावे? जाडी दुप्पट केली की दोन गोष्टी एकदम घडतात. बाहेरच्या आणि आतल्या तापमानातला फरक तोच राहिला तरी तो दुप्पट अंतरावर पसरतो. चढ निम्मा होतो, म्हणून उष्णतेचा ओघही निम्मा होतो. शिवाय तापवायचा पदार्थ दुप्पट झालेला असतो. निम्म्या ओघाने दुप्पट काम करायचे, म्हणजे चौपट वेळ.

म्हणून अंदाजासाठी एक सोपा नियम मिळतो: अंतराचा वर्ग करा आणि त्याला ०.१४ ने भागा, म्हणजे सेकंद मिळतील. अख्ख्या कोंबडीच्या छातीचा सर्वांत जाड भाग घेतला, तर पृष्ठभागापासून गाभ्यापर्यंतचे अंतर २५ मिलिमीटरच्या आसपास भरते. २५ चा वर्ग ६२५, भागिले ०.१४, म्हणजे सुमारे ४,५०० सेकंद, अर्थात ७५ मिनिटे. सव्वा तास! कोंबडी काही गुळगुळीत गोळा नव्हे, तिला पोकळी आहे, हाडे आहेत, आणि ओव्हनचे तापमानही यात धरलेले नाही. तेव्हा उत्तर इतके तंतोतंत जुळणे हा थोडा योगायोगच म्हणायचा. पण मिनिटे नव्हेत, तास लागतील, एवढे या नियमातून नक्की कळते. आता तुकडे करा. गाभ्याचे अंतर निम्मे, साडेबारा मिलिमीटर झाले, की वेळ एक चतुर्थांश, म्हणजे १८–२० मिनिटे. रस्सा अर्ध्या तासात का होतो ते आता वेगळे सांगायला नको.

याच वर्गाच्या नियमातून आणखी एक सुंदर निष्कर्ष निघतो. दोन पक्षी एकाच आकाराचे, पण लहान-मोठे असतील, तर वजन लांबीच्या घनाच्या प्रमाणात बदलते आणि भाजण्याचा वेळ लांबीच्या वर्गाच्या प्रमाणात. म्हणून वेळ हा वजनाच्या दोन-तृतीयांश घाताच्या प्रमाणात बदलला पाहिजे. पाकपुस्तकांत ‘दर किलोला इतकी मिनिटे’ असे लिहिलेले असते. ते मोठ्या पक्ष्याच्या बाबतीत चुकते. अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड रेषीय त्वरक केंद्राचे पहिले संचालक वोल्फगांग पॅनोफ्स्की यांनी टर्की भाजण्यासाठी नेमके याच घातांकाचे सूत्र केले, असे सांगतात. त्यांचे सूत्र पौंडांत आणि सुमारे १६३ अंशांच्या ओव्हनसाठी आहे. किलोग्रॅममध्ये मांडले तर ते असे होते: वजनाचा दोन-तृतीयांश घात काढा, त्याला १.१३ ने गुणा, उत्तर तासांत. आपल्या दीड किलोच्या कोंबडीसाठी हे उत्तर दीड तासाच्या आसपास येते. ओव्हन २०० अंशांवर असेल तर वेळ थोडा कमी होतो. सहा किलोच्या टर्कीसाठी पावणेचार तास. वजन चौपट, पण वेळ फक्त अडीच पट.

मग ओव्हन ३०० अंशांवर ठेवून काम लवकर उरकता येणार नाही का? फारसे नाही. बाहेरचे तापमान वाढवले की आतला ओघ थोडा वाढतो, पण बाहेरचा थर कोळसा होईपर्यंत गाभा कच्चाच राहतो. ओव्हनमध्ये टाकण्यापूर्वी कोंबडी तासभर फ्रिजबाहेर ठेवावी म्हणजे ती ‘खोलीच्या तापमानाला’ येते, असा एक सल्ला नेहमी ऐकू येतो. वर्गाच्या नियमाने तोही फुकट ठरतो. तासाभरात फार तर बाहेरचा थर तापतो, आणि नाशिकच्या मे महिन्यात त्या थरावर जंतूंची वाढ मात्र जोरात होते.

मिठाची चाल त्याहून मंद

मसाला ‘आत मुरतो’ असे आपण म्हणतो. किती आत? मिठाचे विसरणही वर्गाच्याच नियमाने होते, पण त्याचा वेग उष्णतेच्या जवळजवळ शंभराव्या हिश्शाइतका असतो, ०.१४ च्या जागी सुमारे ०.००१ घ्या. एक सेंटिमीटर आत जायला १०० भागिले ०.००१, म्हणजे एक लाख सेकंद, अर्थात २८ तास लागतील. आदल्या रात्री मीठ लावले तर सकाळपर्यंत ते सहा-सात मिलिमीटर शिरते. भाजण्याच्या अर्धा तास आधी लावलेले मीठ जवळजवळ पृष्ठभागावरच असते. हळद, तिखट, आले-लसूण यांतले चवीचे मोठे रेणू तर याहूनही मागे राहतात. म्हणून दह्यातल्या मसाल्याची चव भाजलेल्या कोंबडीच्या बाहेरच्या थरातच लागते, आणि त्यात पाककर्त्याचा काही दोष नाही. दीड किलोला १५ ते २० ग्रॅम, म्हणजे साधारण तीन चहाचे चमचे मीठ पुरे. ते कातडीखाली बोटे सरकवून मांसालाच चोळावे, कारण कातडी आणि तिच्याखालची चरबी मिठाला वाट देत नाहीत. मिठाचा दुसरा फायदा असा की ते प्रथिनांची वीण सैल करते आणि शिजताना मांस पाणी अधिक धरून ठेवते.

माठ, घाम आणि खरपूस कातडी

आता आपल्या ऊर्जेच्या हिशेबाकडे परत येऊ, कारण त्यात एक मोठी रक्कम धरायची राहिली आहे. भाजण्यापूर्वी आणि भाजल्यावर कोंबडीचे वजन करा. दीड किलोची कोंबडी सव्वा किलोच्या आतबाहेर आलेली दिसेल. कमी झालेल्या वजनात काही चरबी असते, पण मोठा भाग पाण्याच्या वाफेचा. समजा, २५० ग्रॅम पाणी वाफ होऊन गेले. एक ग्रॅम पाण्याची वाफ करायला सुमारे २.२६ किलोज्यूल अप्रकट उष्णता लागते. म्हणजे ५६५ किलोज्यूल नुसत्या वाफेपायी खर्च झाले. सबंध कोंबडी तापवायला लागले त्याच्या दीड पटीहून जास्त! दोन्ही मिळून सुमारे ९०० किलोज्यूल. ओव्हनमध्ये तापमान राखणारा थर्मोस्टॅट असतो. त्यामुळे हीटर सतत चालू न राहता लागत-बंद होत राहतो. तो निम्मा वेळ चालू राहिला असे धरले, तर ८० मिनिटांत एक युनिट, म्हणजे ३,६०० किलोज्यूल वीज जाते. कोंबडीच्या वाट्याला आली एक चतुर्थांश. उरलेल्या विजेने ओव्हनच्या भिंती आणि स्वयंपाकघर तापवले.

वीजेवरून आठवले. १५०० वॅटचा ओव्हन २३० व्होल्टवर साडेसहा अँपिअर प्रवाह घेतो. तो ६ अँपिअरच्या साध्या सॉकेटला जोडू नये, १६ अँपिअरच्या मोठ्या सॉकेटलाच जोडावा. आणि व्होल्टेज २०० वर उतरले असेल, तर शक्ती व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात घटते, म्हणजे जवळजवळ पाऊणपटच राहते. अशा दिवशी ओव्हन तापायला जास्त वेळ लागला, तर त्यात नवल नाही.

वाफेकडे परत वळू. माठातले पाणी गार का राहते हे तुम्ही शिकला आहात. माठाच्या अंगावर झिरपलेले पाणी वाफ होताना उष्णता घेऊन जाते. ओल्या अंगाची कोंबडी २०० अंशांच्या ओव्हनमध्ये अगदी हेच करते. जोवर कातडीवर ओल आहे, तोवर येणारी उष्णता वाफ करण्यात खर्च होते आणि पृष्ठभागाचे तापमान १०० अंशांच्या बरेच खाली अडकून पडते. भोवतीची हवा २०० अंशांवर आणि कोंबडी मात्र घाम गाळत थंड!

याने काय बिघडते? रंग आणि वास. भाजलेल्या पदार्थाचा तांबूस-तपकिरी रंग आणि खमंग वास ज्या रासायनिक क्रियांमुळे येतो, त्यांचे वर्णन फ्रेंच शास्त्रज्ञ लुई कामीय मेयार यांनी १९१२ साली प्रथम केले. प्रथिनांतील अमिनो आम्ले आणि काही प्रकारच्या शर्करा यांच्या संयोगातून ही साखळी सुरू होते आणि तीतून शेकडो वेगवेगळी संयुगे तयार होतात. भाकरीवरचे तपकिरी ठिपके, टोस्टची कड, परतलेला कांदा, आटवलेल्या दुधाचा रंग, या सगळ्यांत मेयार क्रिया आहे. ती मंदपणे कमी तापमानालाही चालते, पण स्वयंपाकाच्या वेळेत दिसून येण्याजोगा वेग तिला १४० अंशांच्या आसपास येतो. ओला पृष्ठभाग तिथपर्यंत पोचूच शकत नाही. प्रेशर कुकरमधली कोंबडी कितीही शिट्ट्या दिल्या तरी खरपूस होत नाही, ती यामुळेच. तिथे तापमान १२० अंशांच्या आसपास असते आणि पाण्याला तोटा नसतो.

तेव्हा कोंबडी भाजण्यापूर्वी फडक्याने किंवा कागदाने पुसून कोरडी ठक्क करावी. मीठ लावून रात्रभर फ्रिजमध्ये झाकण न घालता ठेवली तर फारच उत्तम, कारण फ्रिजमधली हवा कोरडी असते आणि कातडी चर्मपत्रासारखी सुकते. ताट सर्वांत खालच्या कप्प्यात ठेवावे, म्हणजे कच्च्या मांसाचे पाणी कोथिंबिरीवर ठिबकणार नाही.

आणि हो, दुकानातून आणलेली कोंबडी नळाखाली धुऊ नये. हे वाचून पुष्कळ घरांतून विरोध होईल याची मला कल्पना आहे. पण नळाची धार मांसावर आदळली की बारीक तुषार दूरवर उडतात, आणि त्यांच्याबरोबर साल्मोनेला व कॅम्पिलोबॅक्टर हे जंतू ओट्यावर, भांड्यांवर, चिरलेल्या काकडीवर जाऊन बसतात. पाण्याने हे जंतू मरत नाहीत, ते फक्त पसरतात. मरतात ते उष्णतेने. कोंबडी पुसलेला कागद कचऱ्यात टाकावा, फडके असल्यास उकळत्या पाण्यात घालावे आणि हात साबणाने धुवावेत.

भट्टीच्या भिंती आणि चौथा घात

ओव्हनमध्ये उष्णता कोंबडीपर्यंत येते कशी? अभिसरणाने गरम हवा येते, हे खरे. पण पंखा नसलेल्या छोट्या ओव्हनमध्ये निम्म्याहून अधिक उष्णता प्रारणाने येते, लाल झालेल्या सळ्यांकडून आणि तापलेल्या भिंतींकडून. स्टेफान यांच्या नियमानुसार प्रारण हे निरपेक्ष तापमानाच्या चौथ्या घाताच्या प्रमाणात असते. २०० अंश सेल्सिअस म्हणजे ४७३ केल्व्हिन आणि ४०० अंश म्हणजे ६७३ केल्व्हिन. दोहोंचे गुणोत्तर १.४२, त्याचा चौथा घात ४.१. म्हणजे ४०० अंशांना तापलेली तंदूरची भिंत आपल्या ओव्हनच्या भिंतीच्या चौपट प्रारण टाकते. तंदुरी कोंबडीला बाहेरून जळकट खमंगपणा येतो तो या माऱ्यामुळे. तंदूरवाला कोंबडीला खोल चिरा देतो आणि लोखंडी सळईवर ओवतो. चिरांमुळे गाभ्याचे अंतर कमी होते, आणि सळई आतून उष्णता पोचवते.

शिक्षकांनी वर्गात विचारावा असा एक प्रश्न: २०० अंशांच्या ओव्हनमध्ये क्षणभर हात घालता येतो, पण आतल्या जाळीला बोट लागले तर फोड येतो, तापमान तर दोहोंचे एकच आहे! हवा विरळ आणि उष्णतेची दुर्वाहक. ती क्षणभरात हाताला फारच थोडी उष्णता देऊ शकते. जाळीचे तसे नाही. (हा प्रश्न विचारण्यापुरता आहे, करून पाहण्यासाठी नाही.)

ॲल्युमिनियमची चकचकीत पन्नी प्रारण परत फेकते. हा गुण लवकरच उपयोगी पडणार आहे.

एक पक्षी, दोन मांसे

कोंबडीच्या तंगडीचे मांस गडद आणि छातीचे फिकट असते. कोंबडी दिवसभर उभी राहते, चालते, उकरते. त्या स्नायूंना सतत ऑक्सिजन लागतो आणि तो साठवणारे मायोग्लोबिन हे तांबडे प्रथिन त्यांच्यात भरपूर असते. छातीचे स्नायू उडण्यासाठी. कोंबडी उडते ती कुंपणावर चढण्यापुरती, म्हणून ते फिकट. लांब पल्ला उडणाऱ्या कबुतराची छाती गडद असते, हे ताडून पाहण्यासारखे आहे.

शिजवण्याच्या दृष्टीने हा भेद फार अडचणीचा. स्नायूंतील प्रथिने ५० अंशांपासून आकसू लागतात, आणि ७० अंशांच्या पुढे छातीतले पाणी पिळून निघते. ती लाकडाच्या भुशासारखी लागते. तंगडीत कोलॅजेन हे चिवट प्रथिन जास्त असते. त्याचे मऊ जिलेटिन होण्यासाठी ८० अंश किंवा अधिक तापमान आणि वेळ दोन्ही लागतात. एकाच पक्ष्याचे दोन भाग दोन निरनिराळी तापमाने मागतात! यावर उपाय म्हणून तंगड्या ओव्हनच्या मागच्या, अधिक गरम बाजूला कराव्यात. त्या अंगाला घट्ट बांधू नयेत, नाहीतर सांध्यातला भाग कच्चा राहतो. आणि पहिली चाळीस मिनिटे छातीवर पन्नी ठेवून नंतर काढावी. ज्यांना अख्ख्या कोंबडीचा देखावा नको असेल, त्यांनी पाठीचा कणा कात्रीने कापून कोंबडी पुस्तकासारखी उघडून सपाट करावी. अंतर कमी होते, तंगड्या उघड्या पडतात, आणि पाऊण तासात काम होते.

हे सारे ब्रॉयलर कोंबडीला लागू. सहा आठवड्यांत बाजारात येणारी ही कोंबडी आपल्याकडे घरोघर पोचली ती गेल्या पन्नास वर्षांत, आणि त्यात १९७१ साली डॉ. बी. व्ही. राव यांनी सुरू केलेल्या, पुण्यात मुख्यालय असलेल्या व्यंकटेश्वरा हॅचरीजचा मोठा वाटा आहे. गावरान कोंबडी अख्खी भाजण्याच्या भानगडीत मात्र पडू नये. ती वयाने मोठी, अंगाने काटक. तिच्या कोलॅजेनचे धागे एकमेकांशी पक्के जोडले गेलेले असतात. कोरड्या उष्णतेत ते मऊ होण्याआधी मांस वाळून जाते. तिची जागा रश्श्यातच.

कोंबडी झाली हे कसे ओळखायचे? मांडीला सुरी टोचून रस स्वच्छ आला की झाली, अशी जुनी खूण आहे. ती भरवशाची नाही. कोवळ्या ब्रॉयलरच्या हाडातील मगजाचा रंग झिरपून पूर्ण शिजलेले मांसही हाडाजवळ लालसर दिसते. उलट, गुलाबी छटा गेली तरी तापमान पुरेसे नसू शकते. जंतूंचा नाश रंगावर नव्हे, तापमान आणि वेळ यांवर अवलंबून असतो. ६० अंशांना साल्मोनेलाचा पुरता नाश व्हायला अर्धा तास लागू शकतो, ७४ अंशांना काही सेकंद. म्हणून छातीचा गाभा आणि मांडीचा हाडाला न लागणारा जाड भाग, दोन्ही ठिकाणी ७४ अंश दिसल्याशिवाय कोंबडी ताटात वाढू नये. टोचून मोजायचा अन्नासाठीचा डिजिटल तापमापी आता सहज मिळतो. प्रयोगशाळेतला काचेचा तापमापी यासाठी कधीही वापरू नये. फुटला तर अन्नात काच आणि पारा जाईल.

नवा तापमापी आधी तपासून घ्यावा. पाणी आणि ठेचलेला बर्फ यांच्या मिश्रणात त्याने शून्य दाखवावे. उकळत्या पाण्यात मात्र नाशिकला त्याने ९८ दाखवले, तर दुकानदाराशी भांडायला जाऊ नका. आपले शहर समुद्रसपाटीपासून सुमारे ६०० मीटर उंच आहे. हवेचा दाब कमी, म्हणून पाण्याचा उत्कलनबिंदू दर ३०० मीटरला साधारण एक अंशाने उतरतो.

ओव्हनमधून काढल्यावर तापमापी तसाच टोचलेला ठेवा आणि पाहत राहा. आच बंद झाली तरी गाभ्याचा आकडा दोन-चार अंश चढत राहतो! बाहेरचे थर गाभ्याहून गरम असतात. त्यांतली उष्णता आत वाहतच असते. म्हणून लगेच कापू नये. पंधरा मिनिटांत आतला रसही किंचित घट्ट होतो आणि कापताना ताटात कमी वाहतो.

शेतातली भट्टी

रायगड जिल्ह्यात, विशेषतः अलिबागच्या बाजूला, थंडीत पोपटी लावतात. मडक्यात भांबुर्डीचा पाला, वालाच्या कोवळ्या शेंगा, अंडी, आणि मसाला लावून केळीच्या पानात गुंडाळलेली कोंबडी असे थर रचतात, तोंड पाल्याने गच्च बंद करतात, मडके पालथे घालतात आणि भोवती पेंढा-काटक्यांचा जाळ करतात. पाणी थेंबभर घालत नाहीत. तरी अर्ध्या-पाऊण तासात सारे शिजते. शेंगा आणि पाला यांतलेच पाणी वाफ होते, ती वाफ गार कोंबडीवर जमते आणि प्रत्येक ग्रॅममागे ती २.२६ किलोज्यूल अप्रकट उष्णता तिथे सोडून देते. ओव्हनमध्ये जी वाफ कोंबडीची उष्णता चोरून नेत होती, तीच इथे उष्णता आणून देते. १०० अंशांची वाफ २०० अंशांच्या कोरड्या हवेपेक्षा पृष्ठभाग लवकर तापवते ती अशी. अर्थात पोपटीतली कोंबडी मऊ आणि रसाळ होते, खरपूस होत नाही; कारण तुम्हाला आता माहीत आहे.

पदार्थविज्ञानाच्या माणसांना या विषयाचे आकर्षण जुनेच आहे. तोफा कोरताना निर्माण होणाऱ्या उष्णतेवरचा प्रसिद्ध निबंध १७९८ साली वाचणारे काउंट रम्फर्ड यांनी बटाटे सुकवण्यासाठी केलेल्या यंत्रात मटणाचा खांदा रात्रभर ठेवला आणि सकाळी तो अतिशय मऊ शिजलेला पाहून चकित झाले. ऑक्सफर्डचे निकोलस कुर्ती हे अतिशीत तापमानाचे संशोधक. त्यांनी १९६९ साली लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये स्वयंपाकघरातील पदार्थवैज्ञानिकावर व्याख्यान दिले. रम्फर्डचा प्रयोग घरी करू नये. मंद आचेवर मांस जंतूंना सोयीच्या तापमानात फार वेळ राहू शकते.

बटाट्याचा प्रयोग मात्र खुशाल करावा. सारख्या आकाराचे चार मोठे बटाटे उकळत्या पाण्यात एकदम सोडा. ४, ८, १२ आणि १६ मिनिटांनी एकेक काढून लगेच थंड पाण्यात टाका आणि मधोमध कापा. कडेने शिजलेल्या भागाचे कडे आणि आतला कच्चा गाभा यांतली सीमा स्पष्ट दिसते. कड्याची जाडी पट्टीने मोजा. १६ मिनिटांच्या बटाट्यातले कडे ४ मिनिटांच्या कड्याच्या चौपट जाड आहे की दुप्पट? आलेखावर एका अक्षावर वेळ आणि दुसऱ्यावर जाडीचा वर्ग घेऊन बिंदू मांडा. ते साधारण एका सरळ रेषेत यावेत. शेवटचा बिंदू थोडा हटला तर त्याचे कारण शोधा. बटाटा गोल आहे, हे त्या वेळी ध्यानात ठेवा.

कोंबडीची हाडे टाकू नयेत. पाण्यात बुडवून दोन तास मंद उकळावीत, गाळून पाणी फ्रिजमध्ये ठेवावे. दुसऱ्या दिवशी भांडे तिरके केले तरी ते सांडत नाही, थरथरते. कोलॅजेनचे जिलेटिन झालेले असते. सोमवारच्या डब्यातला पुलाव या पाण्यात फार चांगला होतो.